मॅक प्लस, एसई, क्लासिक: कर्सर हलत नाही, प्रश्नचिन्ह जात नाही

ॲपलचा जुना कॉम्पॅक्ट मॅकिन्टॉश (मॅक) घरी आणला की दोन अडचणी हमखास येतात. सोबत माऊस नसतो, आणि शोधून आणलेला एक तर बसत नाही किंवा बसला तरी कर्सर हलत नाही. दुसरी अडचण सिस्टिम डिस्कची, म्हणजे मशीन जिच्यावरून सुरू होतं त्या फ्लॉपीची. मशीन चालू होतं, पडदा उजळतो, पण मधोमध फ्लॉपीचं छोटं चित्र आणि त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह, याच्या पुढे काही सरकत नाही. मग बोर्ड गेला असं समजून लोक मशीन सुट्या भागांच्या भावात विकून टाकतात. याचं मला फार वाईट वाटतं. प्रश्नचिन्ह आलं म्हणजे प्रोसेसर, रॉम, मेमरी आणि पडदा यांनी आपापलं काम केलेलं असतं. मशीन फक्त सिस्टिमची वाट बघत असतं.

बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असतं आणि गडबड जुळवणीत असते. एका पिढीच्या मशीनला दुसऱ्या पिढीचा माऊस आणलेला असतो, किंवा एका प्रकारच्या ड्राइव्हसाठी दुसऱ्याच प्रकारची डिस्क तयार केलेली असते. त्यामुळे काहीही विकत घेण्याआधी मशीन उलटं फिरवा आणि मागची बाजू नीट बघा.

सगळ्यात आधी विजेचा आकडा वाचा. अमेरिकेहून कुणी नातेवाइकांनी आणलेलं मशीन असेल तर मागच्या पट्टीवर १२० व्होल्टच्या आसपासचा आकडा असू शकतो. असं मशीन आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावायचं नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. हे चुकलं तर पुढचं काहीच वाचायची गरज उरत नाही.

आता माऊसचं सॉकेट बघा. १२८के (जानेवारी १९८४), ५१२के आणि प्लस (जानेवारी १९८६) या मशीनना नऊ छिद्रांचं, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचं सॉकेट असतं. मार्च १९८७ मध्ये एसई आणि मॅकिन्टॉश टू आले आणि मॅकवर एडीबी हे नवं पोर्ट सुरू झालं: लहान, गोल, चार पिनांचं. १९९० चा क्लासिकही एडीबीवालाच. तारखेवरून मात्र पिढी ठरवू नका. प्लसची विक्री १९९० पर्यंत चालू होती, म्हणजे एसई बाजारात आल्यानंतरही कितीतरी प्लस तयार झाले, आणि त्या सगळ्यांना जुनाच नऊ पिनांचा माऊस लागतो. विक्रेत्याला 'ॲपलचा जुना माऊस आहे का' असं विचारलंत तर दोन्हीपैकी कुठलाही येईल. सॉकेटचा फोटोच पाठवा.

नऊ पिना दिसल्या म्हणून माऊस मॅकचा होत नाही

सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जातात. अमिगा आणि अटारी एसटी या त्या काळच्या दुसऱ्या कॉम्प्युटरांचे माऊस आणि आयबीएम पीसीचा सिरियल माऊस, या सगळ्यांच्या वायरीला नऊ पिनांचाच कनेक्टर असतो. सुदैवाने एक खूण आहे. मॅकच्या मशीनवर छिद्रं असतात, त्यामुळे मॅकच्या माऊसच्या टोकाला उघड्या पिना असतात. अमिगा, अटारी आणि पीसी सिरियलच्या माऊसच्या टोकाला छिद्रं असतात. फोटोत टोकाला छिद्रं दिसली की तो मॅकचा नाही, विक्रेता काहीही म्हणो. खरा माऊस उलटा केला की त्यावर एम०१०० हा मॉडेल नंबर सापडतो.

छिद्रांचं टोक पिनांचं करणारा छोटा जोड बाजारात मिळतो आणि त्याने अमिगाचा माऊस प्लसमध्ये बसतोही. तो लावू नका. मॅकच्या सॉकेटमध्ये २ नंबरच्या पिनवर ५ व्होल्ट आणि १ व ३ वर ग्राउंड असतो. अमिगाच्या माऊसला ५ व्होल्ट ७ वर आणि ग्राउंड ८ वर हवा असतो, तर १ आणि २ या त्याच्या सिग्नल बाहेर काढायच्या पिना आहेत. म्हणजे सिग्नलच्या तारांवर थेट वीज आणि ग्राउंड जाऊन बसतो. पीसीचा सिरियल माऊस तर वेगळ्याच जातीचा आहे. तो १२०० बॉडच्या वेगाने तीन-तीन बाइटचे निरोप पाठवतो. मॅक प्लसला असे निरोप वाचता येत नाहीत, त्याला कच्चे ठोके हवे असतात.

हे ठोके समजून घेतले तर निदान सोपं होतं. माऊसच्या आत दोन रूळ असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. प्रत्येक रुळाला खाचांची चकती असते आणि तिच्यावरून दोन सिग्नल निघतात, एक थोडा पुढे, एक थोडा मागे. पहिला सिग्नल बदलला की मशीनला कळतं की हालचाल झाली. त्या क्षणी दुसरा सिग्नल कुठल्या स्थितीत आहे त्यावरून दिशा ठरते. मॅकमध्ये आडव्या हालचालीचा पहिला सिग्नल ५ नंबरवर आणि दुसरा ४ वर येतो, उभ्याचा पहिला ९ वर आणि दुसरा ८ वर. बटण ७ वर आहे. ६ नंबर रिकामा.

चाचणीसाठी सिस्टिम डिस्क लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. प्रश्नचिन्हाच्या पडद्यावरही कर्सर असतो आणि माऊस चांगला असेल तर तो हलतो. आता लक्षणं बघा.

कर्सर फक्त वर-खाली जातो, आडवा अजिबात हलत नाही: आडव्याचा पहिला सिग्नल, म्हणजे ५ नंबरची तार, पोहोचत नाहीये, किंवा तो रूळ फिरतच नाहीये.

कर्सर आडवा सरकत नाही पण जागच्या जागी थरथरतो: पहिला सिग्नल येतोय, दुसरा अडकलाय. मशीनला हालचाल कळते, दिशा कळत नाही, म्हणून ते एक पाऊल पुढे आणि एक मागे करत राहतं. ४ नंबरची तार किंवा त्या बाजूचा प्रकाश पकडणारा सेन्सर तपासा. उभ्या दिशेला हेच लक्षण असेल तर ८ नंबर.

एकही दिशा नाही आणि बटणही नाही: वीजच पोहोचत नाही, किंवा माऊस मॅकचा नाही. मल्टिमीटरने सॉकेटच्या २ आणि १ नंबरमध्ये ५ व्होल्ट येतात का बघा.

सोल्डरिंगची बंदूक हातात घेण्याआधी मात्र साफसफाई. तळाची गोल चकती फिरवून गोळी काढा. रुळांवर धाग्यासारखा काळा मळ वर्तुळाकार चिकटलेला असतो, तो लाकडी टूथपिकने खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा. गोळी नसतानाच बोटाने एकेक रूळ फिरवून कर्सर बघा. बोटाने फिरवल्यावर हलतो आणि गोळीने हलत नाही, तर दोष घसरणाऱ्या गोळीचा आहे, तारेचा नाही. तार तुटण्याची आवडती जागा म्हणजे वायर माऊसच्या अंगात शिरते तिथला वाक. तिथे वायर थोडी हलवून बघा, कर्सर मध्येच जिवंत होत असेल तर तेवढा तुकडा कापून पुन्हा जोडावा लागेल.

दोन वेगवेगळे चांगले माऊस लावूनही तेच लक्षण राहिलं तर मग बोर्डाकडे वळायचं. दोन्ही दिशांचे पहिले सिग्नल ८५३० या सिरियल चिपकडे जातात, दुसरे सिग्नल आणि बटण ६५२२ या चिपकडे. सॉकेट आणि या चिपांच्या मधल्या छोट्या भागांची वाट मल्टिमीटरने तपासा. पेटी उघडताना पिक्चर ट्यूबजवळ उच्च दाब असतो, मशीन बंद केल्यावरही. ट्यूब डिस्चार्ज कशी करायची हे ज्याला येतं त्याच्यासोबतच हे काम करा.

खरा एम०१०० मिळत नसेल तर दोन चांगले मार्ग आहेत. अमिगा किंवा अटारी एसटीचा माऊसही ५ व्होल्टवर असेच ठोके देतो, फक्त पिनांचा क्रम वेगळा असतो. जुनं टोक कापून, मल्टिमीटरने प्रत्येक तार ओळखून, वर सांगितलेल्या क्रमाने नवं पिनांचं टोक लावायचं. डावं बटण ७ वर द्यायचं, उजवं सोडून द्यायचं. कर्सर उलट्या दिशेने पळाला तर त्या दिशेच्या दोन तारांची अदलाबदल करायची. दुसरा मार्ग म्हणजे युएसबी माऊस वाचून असे ठोके तयार करणारा छोटा बोर्ड. स्मॉलीमाऊस२ हा त्यातला खुला आराखडा आहे, मॅकसाठी त्याची वायर मात्र आपल्याला करून घ्यावी लागते.

एडीबीवाल्या मशीनचं काम सोपं आहे. एडीबी माऊस कुठल्याही एडीबी मॅकवर चालतो. वायर खराब असेल तर एस-व्हिडिओची चार पिनांची केबल तिथे चालते, कारण कनेक्टर तोच आहे. सहा पिनांचा पीएस/२ माऊस दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, पिना वाकतात. आणि मशीन चालू असताना एडीबीची वायर काढू-घालू नका. युएसबीच्या सवयीने हात आपोआप जातो आणि पोर्ट कायमचं जाऊ शकतं.

इथे खरेदीतला एक फसवा प्रकार आहे. आयमेट नावाचा जोड 'एडीबी ते युएसबी' म्हणून विकला जातो. तो जुना एडीबी कीबोर्ड नव्या युएसबी कॉम्प्युटरला लावण्यासाठी आहे, उलट्या दिशेने तो काम करत नाही. युएसबी माऊस जुन्या मॅकला लावायचा असेल तर वॉम्बॅटसारखा दोन्ही दिशांनी चालणारा कन्व्हर्टर हवा. सर्वच जोडांना एक कसोटी लावा: आत चिप आहे का? नुसता आकार बदलणारा प्लास्टिकचा जोड भाषा बदलू शकत नाही.

माऊसवरून आठवलं म्हणून कीबोर्डचंही सांगतो. प्लस आणि त्याआधीच्या मॅकची कीबोर्डची गुंडाळी वायर टेलिफोनच्या रिसीव्हरच्या वायरीसारखीच दिसते, पण फोनच्या वायरीत तारांचा क्रम दोन टोकांना उलटा असतो आणि मॅकला सरळ लागतो. फोनची वायर लावून कीबोर्ड जाळू नका.

प्रश्नचिन्ह

डिस्क घातल्यावर काय होतं ते डोळ्यांनी आणि कानांनी नीट टिपा.

डिस्क आत जाते आणि वाचल्याचा काहीही आवाज न होता लगेच बाहेर फेकली जाते, प्रत्येक डिस्क, प्रत्येक वेळी. अशा वेळी आधी मशीन बंद करून माऊस काढा आणि पुन्हा चालू करा. मॅक सुरू होताना माऊसचं बटण दाबून धरलं की फ्लॉपी बाहेर काढायची, अशी सोय रॉममध्येच आहे. माऊसचं बटण आतून अडकलेलं असेल किंवा चुकीच्या माऊसने ७ नंबरची पिन ग्राउंडला ओढून धरली असेल, तर मशीन इमानाने प्रत्येक डिस्क बाहेर काढत राहतं. दोष माऊसचा असतो आणि ड्राइव्ह खोलला जातो. म्हणून या लेखात माऊस आधी घेतला.

डिस्क थोडी वाचली जाते, मग फ्लॉपीच्या चित्रावर फुली येते आणि डिस्क बाहेर: ड्राइव्ह ठीक आहे. डिस्कवर बूट होणारी, म्हणजे मशीन सुरू करणारी, सिस्टिम नाही.

डिस्क आत जाते, पण खाली बसल्याचा 'खट्' आवाज येत नाही: ड्राइव्हमधलं ग्रीस वाळून घट्ट झालंय. हे फारच सर्रास आढळतं. जुनं ग्रीस अल्कोहोलने पूर्ण काढून सरकत्या पट्ट्यांना नवं ग्रीस अगदी पातळ लावायचं. ते न करता डिस्क बाहेर काढण्याचा आदेश देत राहिलात तर बाहेर काढणाऱ्या मोटरचं प्लास्टिकचं दातेरी चाक तुटतं. डिस्क अडकली असेल तर ड्राइव्हशेजारच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप हलक्या हाताने दाबा. जोर लागत असेल तर थांबा.

डिस्क बसते, फिरते, पुन्हा पुन्हा टकटक आवाज येतो आणि प्रश्नचिन्ह तसंच: हेड, म्हणजे डिस्क वाचणारा भाग, घाण आहे, किंवा डिस्क त्या ड्राइव्हला वाचता येईल अशी लिहिलेलीच नाही.

क्लासिक असेल तर त्यात एक देणगी दडलेली आहे. मशीन सुरू करताना कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ या चार कळा दाबून धरा. रॉममध्येच सिस्टिम ६.०.३ ठेवलेली आहे आणि क्लासिक त्यावरून बूट होतो, फ्लॉपी नको की हार्ड डिस्क नको. डेस्कटॉप दिसला की बोर्डाची शंका मिटली, आता फक्त ड्राइव्ह आणि डिस्क बघायची.

डिस्क कशी तयार करायची

'युएसबी फ्लॉपी ड्राइव्ह घेतला, इमेज (डिस्कची फाइलरूपातली हुबेहूब प्रत) लिहिली, मॅक घेत नाही.' ही तक्रार सतत येते आणि तिचं कारण प्रोग्रॅममध्ये नाही, ड्राइव्हमध्ये आहे. सुरुवातीच्या मॅकचे ४०० आणि ८०० केबीचे ड्राइव्ह एका वेगाने फिरत नाहीत. डिस्कचे ८० ट्रॅक १६-१६ च्या पाच पट्ट्यांत वाटलेले आहेत. बाहेरच्या पट्टीत प्रत्येक ट्रॅकवर १२ सेक्टर, मग ११, १०, ९ आणि सर्वांत आतल्या पट्टीत ८. बाहेरचा ट्रॅक लांब, म्हणून त्यात जास्त माहिती, आणि त्यासाठी ड्राइव्ह मिनिटाला साधारण ३९४ पासून ५९० फेऱ्यांपर्यंत वेग बदलतो. गणित करून बघा: ८०० सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, एका बाजूचे बरोबर ४०० केबी. माहिती लिहिण्याची पद्धतही पीसीपेक्षा वेगळी. युएसबी फ्लॉपी ड्राइव्हच्या आतल्या चिपला हे येतच नाही. कुठलंही सॉफ्टवेअर टाकून ते शिकवता येत नाही.

१.४४ एमबीची फ्लॉपी मॅकवर आली ती सुपरड्राइव्ह या नव्या ड्राइव्हसोबत, १९८८ च्या मॅकिन्टॉश टूएक्सपासून. त्यामुळे १२८के आणि ५१२के यांना ४०० केबी, प्लस आणि सुरुवातीच्या एसईला ८०० केबी, तर क्लासिक आणि नंतरच्या एसईला ८०० केबी व १.४४ एमबी दोन्ही चालतं. एसईच्या पुढच्या बाजूला एफडीएचडी किंवा सुपरड्राइव्ह असं लिहिलेलं असेल तर तो नंतरचा. सुपरड्राइव्हवाल्यांचं नशीब चांगलं: युएसबी ड्राइव्हवर लिहिलेली १.४४ एमबीची डिस्क त्यांना चालते.

बाकीच्यांसाठी मधलं मशीन असणं सर्वांत चांगलं. १९९७ च्या फिकट रंगाच्या पॉवर मॅक जी३ पर्यंतच्या डेस्कटॉप मॅकमध्ये आत फ्लॉपी ड्राइव्ह होता आणि तो ८०० केबी लिहू शकतो. असा मॅक कुणाकडे धूळ खात पडला असेल तर तो भंगारात जाऊ देऊ नका. आपल्याकडे मुद्रण आणि जाहिरात क्षेत्रातल्या लोकांकडे विचारून बघा, मॅक प्रामुख्याने तिथेच वापरले गेले. नसेल तर ग्रीसवीझल हा बोर्ड घ्या. तो पीसीचा साधा साडेतीन इंची ड्राइव्ह थेट चालवतो आणि चुंबकीय ठोक्यांच्या वेळा स्वतः मोजून-मापून लिहितो. त्यामुळे ड्राइव्ह एकाच वेगाने फिरत असला तरी मॅकची डिस्क तयार होते.

इमेज फाइल उतरवल्यावर तिचा आकार बाइटमध्ये बघा, नावावर विश्वास ठेवू नका. ८०० केबीची कच्ची इमेज नेमकी ८,१९,२०० बाइटची असते. ८,३८,४८४ दिसले तर ती डिस्क कॉपी ४.२ ची इमेज आहे: सुरुवातीला ८४ बाइटचा मथळा आणि शेवटी १९,२०० बाइटच्या खुणा. ही फाइल कच्ची समजून लिहिली तर सगळी माहिती ८४ बाइटने सरकते आणि डिस्क बूट होत नाही. कच्च्या इमेजचे पहिले दोन बाइट हेक्स एडिटरमध्ये एल आणि के ही अक्षरं दाखवत असतील तर बूट ब्लॉक जागेवर आहे. .एसआयटी ही मॅकची कॉम्प्रेस केलेली फाइल विंडोजवर उघडू नका. मॅकच्या फाइलचा एक भाग, रिसोर्स फोर्क, तिथे गळून पडतो आणि प्रोग्रॅम निर्जीव होतात. ती मॅकवर किंवा मॅकच्या एम्युलेटरमध्येच उघडा.

कुठली सिस्टिम? प्लस, एसई आणि क्लासिकसाठी माझं उत्तर ठाम आहे: ६.०.८. ही तिन्ही मशीन ७.५.५ पर्यंत जातात, पण सिस्टिम ७ ला निदान २ एमबी मेमरी हवी आणि फ्लॉपीवरून ती चालवण्यात काही सुख नाही. ॲपलने ७.५.३ मोफत केली ती १९ तुकड्यांत, हार्ड डिस्कवर बसवण्यासाठी. ते तुकडे ८०० केबीच्या फ्लॉप्यांवर लिहून प्लस सुरू होणार नाही. १२८के आणि मूळ ५१२के साठी ४०० केबीच्या एमएफएस (मॅकची फाइली मांडण्याची पहिली पद्धत) डिस्कवरची सुरुवातीची सिस्टिमच घ्या. त्यानंतरच्या एचएफएस पद्धतीच्या डिस्क १२८के ला वाचता येत नाहीत.

डिस्क कोरी घेताना डबल डेन्सिटीचीच, म्हणजे एकच छिद्र असलेली घ्या. दोन छिद्रांच्या एचडी डिस्कवर प्लस ८०० केबी लिहितो, कारण त्याचा ड्राइव्ह दुसरं छिद्र बघतच नाही. तीच डिस्क सुपरड्राइव्हमध्ये घातली की तो छिद्र बघून तिला १.४४ एमबीची समजतो आणि डिस्क वाचता येत नाही, इनिशियलाइझ करू का, असं विचारतो. 'हो' म्हटलंत की सगळं गेलं. छिद्रावर चिकटपट्टी लावून तात्पुरतं भागतं, पण चुंबकीय थर वेगळा असल्याने लिहिलेलं टिकेल याची खात्री नसते. मुख्य सिस्टिम डिस्कसाठी हा मार्ग नको.

सोनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्ये थांबवली, त्यामुळे आता मिळतात त्या बहुतेक जुन्याच. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळे काढलेल्या डिस्क असतील तर धातूची पट्टी सरकवून, मधली चकती फिरवत, उजेडात पूर्ण पृष्ठभाग बघा. पांढुरके ठिपके किंवा कडी दिसली की बुरशी आहे. अशी एक डिस्क ड्राइव्हमध्ये गेली की हेडला मळ चिकटतो आणि तो हेड पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडे काढतो. हेड पुसताना वरचा हेड फार उचलू नका, त्याची पट्टी नाजूक असते.

फ्लॉपीच नको असेल तर फ्लॉपी इमू हा बोर्ड ड्राइव्हच्या जागी बसतो आणि एसडी कार्डावरची इमेज मॅकला खरी डिस्क म्हणून दाखवतो. प्लसपासून पुढे हार्ड डिस्क जोडण्याचं स्कझी पोर्ट असल्याने, एसडी कार्डाला हार्ड डिस्क म्हणून दाखवणारा ब्लूस्कझी बोर्डही चालतो. फक्त प्लस त्या पोर्टवर टर्मिनेशनची वीज देत नाही, म्हणून ब्लूस्कझीला युएसबीने वेगळी वीज द्यावी लागते. ती न दिल्याने 'ब्लूस्कझी खराब निघाला' म्हणून परत पाठवणारे लोक मी पाहिलेत. पीसी आणि अमिगावर फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी सर्रास चालणारा गोटेक मात्र या ४०० आणि ८०० केबीच्या मॅकसाठी घेऊ नका.

डिस्क बूट झाली की त्याच बैठकीत तिची प्रत काढा, मूळ डिस्कच्या कोपऱ्यातली खिटी सरकवून छिद्र उघडं करा म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही, आणि रोजच्या वापराला प्रत घ्या. मूळ डिस्क सिलिका जेलच्या पुडीसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि लेबलवर मशीन, सिस्टिमचा आकडा व ४०० की ८०० हे लिहून टाका.